दोरीला झोळ

खारी आमच्याकडे आली तेव्हा सात-आठ महिन्यांची असेल. रंग थेट बेकरीतल्या खारीचा, कानांच्या कडा जरा जास्त भाजल्यासारख्या, म्हणून मुलाने तेच नाव ठेवलं. गावठीच. पुण्यात कर्वेनगरात आमच्या सोसायटीमागे बांधकाम चालू होतं, तिथल्या वॉचमनच्या ताटातलं खाऊन ती वाढली. बांधकाम संपलं, वॉचमन गावी गेला आणि ती आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसली. डिसेंबरात घरात आली. लसी, नसबंदी महिन्या-दीड महिन्यात उरकलं. घरात घाण करायची नाही हे तर तिला दोन दिवसांत कळलं. एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. दोरी लावून फाटकाबाहेर पाऊल टाकलं, की ती मान पुढे काढून अशी ओढायची की घशातून घरघर आवाज यायचा, ठसका लागायचा, आणि ठसकत ठसकतच ती आणखी ओढायची.

मोठी झाली की होईल शांत, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

सासूबाई गेल्यापासून बाबा, म्हणजे माझे सासरे, घराबाहेर पडत नव्हते. पूर्वी रोज सकाळी दोघं नदीकाठच्या रस्त्याने फिरून यायचे. त्या गेल्या आणि बाबांचे बूट चपलांच्या कपाटात खाली जाऊन पडले. खारी आल्यावर जेमतेम पंधरा दिवसांत बाबा एक दिवस आपणहून म्हणाले, "आण ती दोरी इकडे. मी नेतो हिला." बाबा ७४ वर्षांचे, खारी १८ किलोंची. खरं तर तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी बाबा खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधताना दिसले, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. फाटकाशी लावलेल्या स्कूटरखालून मांजर निघालं. दोरी हातातून सुटू नये म्हणून बाबांनी ती डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. मांजर पळालं, खारी झेपावली, बाबा तिच्यामागे खेचले गेले आणि हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, कुत्रं देऊन टाका कुणाला तरी. बाबा कॉटवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तिचं काय चुकलं? मांजर दिसलं, ती धावली. मला धरता आली नाही." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला तो मला फार लागला. हात बरा झाला की बाबा पुन्हा बूट घालतील का, याचीच मला जास्त काळजी होती. खारीला देऊन टाकलं असतं तर त्यांनी ते घातले नसते, एवढं मला नक्की ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, प्लॅस्टर निघून हातात ताकद येईपर्यंत तिला बाबांच्या हातात देता येईल इतकं शिकवायचं.

सुरुवातच चुकली. ओळखीतून एक शिकवणारे आले. त्यांनी तिच्या गळ्यात आवळत जाणारी साखळी घातली आणि ती पुढे गेली की हिसका द्यायचा, असं दाखवलं. चौथ्या दिवशी खारी खरंच पायाला चिकटून चालू लागली. पण शेपटी पोटाखाली, कान मागे. घरी आल्यावर हातातलं पनीर तिने हुंगलं आणि तशीच बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी खुंटीवरची साखळी नुसती वाजली तर ती दिवाणाखाली गेली. बाबा म्हणाले, "हे नको. अशी घाबरलेली घेऊन मी कुठे फिरू?" साखळी त्याच दिवशी परत केली. ते चार दिवस मला अजून टोचतात, कारण पुढे महिनाभर तरी तिच्या गळ्याशी हात नेला की ती अंग चोरायची.

लसीसाठी जायचो त्या प्राण्यांच्या डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी तिचा घसा तपासला आणि म्हणाल्या, "ती का ओढते सांगू? ओढलं की पोचते, म्हणून." मग समजावून सांगितलं. कुत्र्याची साधी चाल आपल्यापेक्षा जलद, त्यामुळे आपल्या चालीने चालणं हेच मुळात त्याला कष्टाचं. त्यात दोरी ताणली गेली की अंग आपोआप उलट दिशेला जोर लावतं. आणि तेवढं करून समोरचा खांब, समोरचं गवत मिळालं, की झाला धडा पक्का. त्यांनी गळ्यातला पट्टा ओळखपत्रापुरता ठेवायला सांगितला. पट्ट्यावर ओढ बसली की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसवर, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर, तसा वाढत नाही, हे २००६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त मोजलं. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत माझी १६० पावलं. त्यात दोरी सैल होती अशी किती? अकरा. म्हणजे उरलेली १४९ पावलं मी तिला ओढण्याचा पगार दिला होता, आणि तोही रोज, दोन वेळा. ती बंडखोर नव्हती, हट्टीही नव्हती. आम्ही शिकवलं तेच ती मन लावून करत होती.

सामानाचं थोडक्यात सांगते. हार्नेस घेतला तो छातीवरही कडी असलेला. तिथे दोरी लावली की ओढणाऱ्या कुत्र्याचं अंग आपल्याकडे वळतं, पाठीवरच्या कडीला लावली तर ते बैलासारखं जू ओढतं. पट्ट्यांखाली दोन बोटं जातील इतपत सैल ठेवायचा. दोरी साधी, सुती, सहा फुटी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी घरात होती ती काढून टाकली, कारण तिला कायमच थोडा ताण असतो आणि ताण असतानाही पुढे जाता येतं हेच ती शिकवते.

पहिला आठवडा आम्ही बाहेर गेलोच नाही, म्हणजे तिच्या शी-शूपुरतेच. बाकी सगळं घरात, बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात, दोरीशिवाय. मी चालायचे, ती माझ्या डाव्या पायाशी आली की "शाब्बास" म्हणायचं आणि सलवारीच्या शिवणीपाशी हात खाली नेऊन तुकडा द्यायचा. उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. बाबा उजव्या हाताने ते करून स्टीलच्या डबीत भरून ठेवत. डावा हात गळ्यात. तुकडा कुठे देतो याला फार महत्त्व आहे हे तिथेच कळलं. मी नकळत हात पुढे करत असे, मग ती गुडघ्याच्या पुढे येऊन आडवी व्हायची. हात शिवणीच्या किंचित मागे नेला तेव्हा ती तिथेच राहू लागली. जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रं राहतं.

मग पार्किंग. रात्री साडेनऊनंतर, गाड्या येऊन थांबल्यावर. नियम एकच. दोरी ताणली की माझे पाय थांबणार. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तिने स्वतःहून ताण सोडला की पुढे. पहिल्या रात्री वीस मिनिटांत आम्ही लिफ्टपासून तिसऱ्या खांबापर्यंत पोचलो. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सलग किती पावलं दोरी सैल राहिली ते मोजत होते. वर आल्यावर त्यांनी कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने आकडा लिहिला, ३. दुसऱ्या दिवशी ५. मग ४. मग पुन्हा ३.

दोरी सैल आहे की नाही हे हाताला उशिरा कळतं. हाताला कळतं तेव्हा ओढ बसलेली असते. पाहायचा तो दोरीच्या टोकाचा पितळी हुक. दोरीला झोळ असला की हुक हार्नेसच्या कडीतून सरळ खाली लोंबतो आणि चालीबरोबर छातीवर टकटक करत राहतो. खारी पुढे सरकू लागली की आधी तो टकटक थांबतो, मग हुक हळूहळू आडवा होतो, आणि मग ताण. त्या आडवा होण्याच्या क्षणाला मी हळू आवाजात "खारी" म्हणायचे. त्याच वेळी म्हटलं तर ती कान मागे फिरवून पावलाचा वेग कमी करायची. अर्ध्या सेकंदाने उशीर झाला तर हाक हवेत जायची. पुढचे कित्येक आठवडे मी रस्ता पाहिलाच नाही, तो हुकच पाहत चालले.

आकडे आठ-नऊवर येऊन अडले. बाबांच्याच लक्षात आलं. म्हणाले, "अगं, तिने तुझंच गणित मांडलंय बघ. ती ओढते, तू थांबतेस, ती मागे येते, तू तुकडा देतेस. म्हणजे तुकडा हवा असेल तर आधी ओढायला पाहिजे." अगदी खरं होतं. ओढ, परत ये, खा, ओढ. तिच्यासाठी ती एकच सलग कसरत झाली होती. त्यानंतर मागे आल्याबद्दल नुसतं "शाब्बास" आणि चालायला सुरुवात. तुकडा मिळणार तो झोळ ठेवून तीन-चार पावलं चालल्यावर. कधी तीनवर, कधी सातवर, कधी दोनवरच. त्या आठवड्यात कालनिर्णयवर पहिल्यांदा १४ आला, मग २२. बाबांनी २२ला गोल केला.

घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळणं हे कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं. मुलाला शाळेची घाई, नवऱ्याला ऑफिसची. "आजच्या दिवस ओढू दे" म्हणून ते तिला भराभर फिरवून आणत. माझा आठवड्याचा धडा दहा मिनिटांत पुसला जाई. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. प्रत्येक वेळी टोचल्यावर दाणा मिळणाऱ्या कबुतराला दाणा बंद झाला की ते लवकर टोचणं सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असलं तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. आमच्या घरात ओढणं कधी चालत होतं, कधी नाही. म्हणजे आम्ही ते जास्तच चिवट करत होतो. यावर मी एकदा जेवणाच्या टेबलावर रडकुंडीला येऊन बोलले. तोडगा मुलाने काढला. हार्नेसला दोन कड्या आहेत ना? छातीच्या कडीला दोरी म्हणजे शाळा, पाठीच्या कडीला म्हणजे सुट्टी. घाईत असलं की पाठीची कडी. तीन आठवड्यांत खारीला हा फरक कळला. छातीशी हुकचा आवाज झाला की ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहायची.

रस्त्यावर खाऊपेक्षा मोठं बक्षीस निघालं ते हुंगणं. आपण फिरायला जातो ते पाय मोकळे करायला, ती जाते ती नाकाने. विजेच्या खांबापाशी कोण येऊन गेलं, कधी गेलं, हे तिला वाचायचं असतं आणि आम्ही तिला तिथून फरफटत नेत होतो. आता दहा पावलं झोळ राहिला की मी म्हणते, "जा, हुंग," आणि तिच्याबरोबर खांबापर्यंत जाते. दोन मिनिटं लागू देत नाहीतर पाच. ती हुंगत असताना दोरीला पतंगासारखी ढील द्यायची. ज्या दिवशी सुरुवातीलाच असं पोटभर हुंगून होतं, त्या दिवशी पुढची ओढ निम्मी होते.

एप्रिल-मेमध्ये वेळा बदलाव्या लागल्या. उघडा हात पाच सेकंद डांबरावर टेकवता आला नाही तर तिचे पंजेही भाजणार. त्यामुळे सकाळी सहा आणि रात्री नऊ.

चिकनच्या दुकानापुढची पाच कुत्री ही पुढची पायरी. त्यातली म्हातारी, कानाला नसबंदीची खाच असलेली कुत्री उठून उभी राहिली की बाकीचे चौघं उठतात. खारी त्यांना पाहून मागच्या दोन पायांवर उभी राहायची. तिथे थांबून, हाक मारून, चिकन नाकाशी धरूनही काही उपयोग नाही. तेव्हा तिला दिसतच नाही चिकन. मग उमगलं की ज्या अंतरावर ती तुकडा खाऊ शकते, त्याच अंतरावर ती शिकू शकते. पहिल्यांदा ते अंतर रस्त्यापलीकडच्या रिक्षा स्टँडपर्यंत होतं. आम्ही तिथे उभं राहायचं, ती त्यांच्याकडे पाहून माझ्याकडे वळली की तुकडा, आणि परत फिरायचं. रोज दोन-तीन पावलं पुढे. जूनपर्यंत दुकानासमोरून, पलीकडच्या पदपथाने, झोळ ठेवून जाता येऊ लागलं. म्हातारी आता उठत नाही, नुसती मान वर करते.

आणि मग जुलैत सगळं कोसळलं असं वाटलं. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीपात्रात आणि म्हात्रे पुलाकडच्या डी. पी. रस्त्यावर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी वाऱ्यावर पहिला ठेका आला आणि खारी घराच्या दिशेने अशी ओढत सुटली की फेब्रुवारीची आठवण झाली. मी नियमाप्रमाणे झाडासारखी उभी राहिले. ती थरथरत होती, जीभ बाहेर, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, तुकडा तोंडात घेऊन तिने टाकून दिला. आणि मी उभीच. त्या वेळी मी उभं राहायला नको होतं. मांजरामागे ओढणं वेगळं आणि जीव मुठीत धरून घराकडे ओढणं वेगळं. पहिल्यात थांबणं हा धडा असतो, दुसऱ्यात थांबणं म्हणजे तिला भीतीत कोंडून ठेवणं. शेवटी मी दोरी पाठीच्या कडीला लावली आणि तिच्याबरोबर जवळजवळ पळत घरी आले. विसर्जन होईपर्यंत संध्याकाळचा रस्ता बदलला, आणि रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर नेऊ लागलो, दोरीवरच, कारण तिथे मोर असतात. खारीने पहिला मोर पाहिला तेव्हा हुक पूर्ण आडवा झाला, पण ती ओढली नाही. तशीच एक पाय वर उचलून उभी राहिली आणि मोर झाडीत शिरेपर्यंत पाहत राहिली.

बाबांचं प्लॅस्टर मार्चअखेर निघालं होतं. मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम ते रोज करत, खारी समोर बसलेली असे कारण चेंडू कधीतरी पडतो. ऑगस्टपासून ते आमच्याबरोबर येऊ लागले, दोरी माझ्याकडे, ते शेजारी. आणि लक्षात आलं की तिला माझ्या चालीने चालता येतं, बाबांच्या नाही. ते सावकाश चालतात, मध्येच थांबून दम घेतात. माझ्या वेगाला शिकलेली दोरी त्यांच्या हातात गेली की लगेच ताणली जाई. मग पुन्हा पार्किंग, पुन्हा डबी. मी बाबांच्या चालीने चालायला शिकले, त्यांच्याशेजारी पाऊल मोजून, आणि खारी माझ्याबरोबर. कालनिर्णयवर पुन्हा ६, ९, ७ असे आकडे आले. पितृपक्षात सासूबाईंच्या तिथीच्या दिवशी ४१ होता. बाबांनी त्या दिवशी आकडा पेनाने लिहिला.

दोरी कशी धरायची हे त्यांनी स्वतः ठरवलं. वेढे नाहीत. फास अंगठ्यात, उरलेली दोरी घडी करून तळहातात, डावा हात वर आणि उजवा त्याच्याखाली. वेळ आली तर मूठ उघडली की सुटली पाहिजे. "मी पडण्यापेक्षा ती पळालेली बरी, येईल परत," असं ते म्हणाले.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ते दोघं पहिल्यांदा एकटे गेले. मी गॅलरीत उभी. फाटकाशी ओळीने स्कूटर, आणि मांजरंही तीच. एक निघालंच. खारीचे कान उभे राहिले, ती दोन पावलं पुढे गेली, दोरी ताणली. बाबा थांबले. हात पोटाशी घेतला आणि नुसते उभे राहिले. वरून मला तिची फक्त पाठ दिसत होती, ती ताठ, मांजराकडे रोखलेली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, दुधाची पिशवी आणायला गेलेला शेजारचा मुलगा येऊन त्यांना वळसा घालून गेला. मग तिने मान वळवली. एक पाऊल मागे. बाबांचा हात पँटच्या शिवणीशी गेला.

ते पाऊण तासाने आले. मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बाबांनी आधी तिला पाणी ठेवलं, मग कालनिर्णयपाशी गेले, पेन्सिल हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. त्या दिवशीच्या चौकटीत फक्त दूध आहे, दीड लिटर.